मानसशास्त्रीय संशोधनात सांख्यिकीय कसोटीची निवड

मानसशास्त्राच्या अभ्यासकास संशोधनाच्या मार्गावर एक प्रश्न हटकून भेटतो. प्रदत्त गोळा झालेले असते, प्रयुक्तांचे गुणांक तक्त्यात मांडलेले असतात, आणि मग विचारणा होते की, ‘यास कोणती कसोटी लावावी?’ नागपुरातील सदर भागात रेसिडेन्सी रोडच्या लगत एखादी शाळा आहे आणि रस्त्यावरील वाहनांच्या गोंगाटाने विद्यार्थ्यांचे अवधान उणावते काय, हे तेथे पाहावयाचे आहे, अशी कल्पना करावी. अशा अभ्यासात मुलांच्या चाचण्या घेऊन झाल्यावर वरील प्रश्न उपस्थित झाला, तर तो उशिरा उपस्थित झाला असेच म्हणावे लागेल. कसोटीची निवड वस्तुतः प्रदत्त हाती येण्यापूर्वीच, संशोधनाच्या आखणीतच झालेली असते. ज्या रीतीने प्रयुक्त निवडले व ज्या रीतीने त्यांचे मापन केले, ती रीतच कसोटी ठरवीत असते. हे कसे घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. घोटाळा टळावा म्हणून येथे मानसिक गुणांच्या मापनास ‘चाचणी’ व सांख्यिकीय अनुमानाच्या साधनास ‘कसोटी’ असे म्हटले आहे.

सदरमधील शाळेच्या उदाहरणाकडे वळण्यापूर्वी महाराष्ट्रातच प्रत्यक्ष घडलेल्या एका प्रयोगाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. त्याची आखणी इतकी स्वच्छ आहे की अनुमानाची सर्व अंगे तीत उघड दिसतात.

पुण्यातील एक प्रयोग

जन्मकुंडलीवरून मुलाची बुद्धिमत्ता ओळखता येते काय, हा प्रश्न घेऊन डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात एक परीक्षण योजिले. त्याचा वृत्तान्त २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शालेय परीक्षांत उत्तम यश मिळविलेली शंभर मुले आणि बौद्धिक विकासात मागे राहिल्यामुळे विशेष शाळांत शिकणारी शंभर मुले, अशा दोनशे मुलांच्या कुंडल्या सिद्ध करण्यात आल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्यास यांपैकी यदृच्छ रीतीने निवडलेल्या चाळीस कुंडल्या पाठवावयाच्या व प्रत्येक कुंडली कोणत्या गटातील मुलाची आहे ते त्याने सांगावयाचे, अशी योजना होती. चाळिसांपैकी अठ्ठावीस किंवा अधिक उत्तरे बरोबर आल्यास तो ज्योतिषी यशस्वी समजावा, असे ठरले होते. एक्कावन्न ज्योतिष्यांनी कुंडल्या मागविल्या. त्यांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्याची चोवीस उत्तरे बरोबर होती आणि सर्वांची सरासरी १७.२५ एवढी होती. याखेरीज एका ज्योतिष-संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली.

या प्रयोगाचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. येथे आपणास पाहावयाचे आहे ते निष्कर्षापर्यंत पोहोचण्याच्या वाटेकडे.

शून्य अभ्युपगम आणि प्रदत्ताची घडण

अनुमानाचा आरंभ ‘शून्य अभ्युपगमा’पासून होतो. ज्या परिणामाचा शोध घ्यावयाचा तो मुळात नाहीच, असे क्षणभर धरून चालणे, म्हणजे शून्य अभ्युपगम मांडणे होय. येथे त्याचे रूप असे: ज्योतिष्याचे उत्तर नाणेफेकीहून अधिक विश्वसनीय नाही. हे धरल्यास प्रत्येक उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता एक-द्वितीयांश ठरते आणि चाळीस उत्तरांपैकी किती बरोबर येतील याची वाटणी द्विपद वितरणाने काढता येते. सरासरी वीस, प्रमाण विचलन सुमारे ३.१६. म्हणजे या प्रयोगाची कसोटी कोणा ग्रंथातील तक्त्यातून शोधून काढलेली नाही. प्रश्नाच्या रचनेतूनच ती निघालेली आहे.

ही गोष्ट अधिक स्पष्ट व्हावी म्हणून सर रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रयोगांची आखणी’ या विषयावरील ग्रंथातील चहाचे उदाहरण घेऊ. पेल्यात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपणास चवीवरून कळते असा एका बाईंचा दावा होता. फिशर यांनी आठ पेल्यांची योजना सांगितली; त्यांत चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या प्रकारचे, आणि ही वाटणी बाईंना ठाऊक. आठांतून चार निवडण्याचे सत्तर प्रकार होतात. म्हणून केवळ नशिबाने सर्व पेले बरोबर ओळखले जाण्याची संभाव्यता सत्तरांत एक. आता याच प्रयोगात प्रत्येक पेल्याचा प्रकार स्वतंत्रपणे नाणे फेकून ठरविला असता, तर तीच संभाव्यता दोनशे छप्पनांत एक झाली असती. पेले तेवढेच, उत्तरेही तीच. परंतु प्रदत्त निर्माण करण्याची रीत बदलताच गणित बदलले. कुंडल्यांच्या प्रयोगातही प्रत्येक ज्योतिष्यास ‘तुमच्या संचात वीस हुशार व वीस मागे राहिलेली मुले आहेत’ असे सांगितले असते, तर साधे द्विपद वितरण वापरणे योग्य झाले नसते. यास्तव कसोटी निवडताना पहिला प्रश्न ‘आकडे कसे आले?’ हाच असावयास हवा.

मर्यादा आधी का ठरवावी

अठ्ठावीस ही मर्यादा उत्तरे येण्यापूर्वी निश्चित केलेली होती, या गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे. नाणेफेक करणाऱ्यास चाळिसांपैकी अठ्ठावीस किंवा अधिक यश मिळण्याची संभाव्यता शेकडा एकाहूनही थोडी कमी, सुमारे ०.८३ टक्के आहे. मानसशास्त्रात रूढ असलेली पाच टक्क्यांची सार्थकता-पातळी घेतली असती, तर मर्यादा सव्वीसवर आली असती. तिची संभाव्यता सुमारे चार टक्के आहे. वरवर पाहता चार टक्के हे प्रमाण अल्पच आहे. परंतु परीक्षार्थी एक नसून सत्तावीस आहेत. प्रत्येकाने स्वतंत्रपणे केवळ नाणे फेकले, तरी त्यांच्यापैकी निदान एक जण सव्वीसची मर्यादा ओलांडण्याची संभाव्यता जवळजवळ तीनांत दोन एवढी होते. मर्यादा अठ्ठावीस ठेवल्यास ती पाचांत एकावर उतरते. अनेक कसोट्या लावून त्यांतील एकच ‘सार्थक’ निघालेली मिरविणे किती धोक्याचे आहे, ते यावरून ध्यानी यावे. वीस उपचाचण्या घेऊन त्यांपैकी एकीत मुलामुलींत सार्थक भेद दिसला, असे सांगणारे संशोधन याच धोक्यात सापडलेले असते.

सर्वोत्तम ज्योतिष्याच्या चोवीस गुणांनाही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. नाणेफेकीने चोवीस किंवा अधिक गुण मिळण्याची संभाव्यता सुमारे तेरा टक्के आहे; म्हणजे सत्तावीस नाणेफेक करणाऱ्यांत असे तीन-चार जण आढळावयास हवेत. प्रत्यक्षात एकच आढळला. सर्वांत वरचा एकटा निवडून त्याचे कौतुक करणे आणि उरलेल्या सव्विसांना विसरणे हा व्यवहारातील नित्याचा प्रमाद आहे. संशोधकाने तो करता कामा नये.

दोन प्रकारच्या चुका

तथापि कठोर मर्यादेचीही किंमत द्यावी लागते. परिणाम नसताना तो आहे असे म्हणणे ही पहिल्या प्रकारची चूक, आणि परिणाम असताना तो नाही असे म्हणणे ही दुसऱ्या प्रकारची चूक होय. जेर्झी नेमन व ईगन पीअर्सन यांनी १९३३ साली या दोहोंचा एकत्र विचार करणारी उपपत्ती मांडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्या सान्निध्यात अध्ययन केलेल्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हेही होते. नमुना-निवडीच्या शास्त्रात पुढे त्यांनी जागतिक कीर्ती मिळविली.

समजा, एखाद्या ज्योतिष्यास खरोखरच काही ज्ञान आहे आणि शंभरांतील साठ कुंडल्या तो बरोबर ओळखू शकतो. अशा मनुष्यास चाळीस कुंडल्यांत अठ्ठावीसची मर्यादा गाठता येण्याची संभाव्यता अवघी तेरा टक्के आहे. म्हणजे आठ प्रसंगांपैकी सात प्रसंगी तो अनुत्तीर्ण ठरेल. यालाच कसोटीचे सामर्थ्य अपुरे असणे असे म्हणतात. एकट्या ज्योतिष्याच्या अपयशावरून त्याला कसलेच ज्ञान नाही असा निर्णय देता येत नाही, तो यामुळेच. परंतु दोनशे कुंडल्या तपासणाऱ्या संस्थेची गोष्ट निराळी. तेथे एक टक्क्याची मर्यादा ११७ येते, आणि साठ टक्के कुशलता असणाऱ्यास ती गाठण्याची संभाव्यता सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत चढते. नमुना मोठा केल्याने सामर्थ्य कसे वाढते, याचे हे बोलके उदाहरण होय. त्या संस्थेची बरोबर उत्तरे १०२ होती. शंभर ही तर नाणेफेकीचीच सरासरी आहे.

निरीक्षणांचे स्वातंत्र्य

या प्रयोगातील आणखी एक आकडा अभ्यासकास गोंधळात टाकील. सरासरी वीस अपेक्षित असता ती १७.२५ आली. सत्तावीस जणांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी द्विपद वितरणाप्रमाणे सुमारे ०.६१ येते, म्हणजे ही सरासरी अपेक्षेहून साडेचार प्रमाण त्रुटींनी खाली आहे. मग ज्योतिषी नाणेफेकीहूनही वाईट आहेत, असे सिद्ध झाले काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वरील गणित प्रत्येक उत्तर इतर उत्तरांपासून स्वतंत्र आहे असे मानते. कुंडल्या मात्र दोनशेच होत्या, आणि सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस पाहिल्या. तेव्हा त्याच कुंडल्या अनेकांच्या हाती गेल्या असल्या पाहिजेत. ज्योतिषी एकाच परंपरेचे नियम लावीत असतील, तर एका कुंडलीविषयी त्या सर्वांची चूकही एकच असेल. अशा वेळी हजारांवर उत्तरे दिसत असली, तरी त्यांत स्वतंत्र माहिती त्याहून कितीतरी कमी असते. शिवाय मूळ प्रश्न ‘नाणेफेकीहून अधिक यश मिळते काय?’ असा एका दिशेचा होता. उत्तरे पाहिल्यानंतर दिशा बदलून कसोटी लावणे नियमास धरून नाही.

स्वातंत्र्याची ही अट मानसशास्त्रीय संशोधनात सर्वांत अधिक मोडली जाते. सदरमधील ज्या शाळेचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे आता परत वळू.

सदरमधील शाळेचे उदाहरण

अवधान मोजण्यासाठी अंक खोडण्याची चाचणी घेतली आहे असे समजू. छापील अंकांच्या ओळींतून सांगितलेला अंक ठराविक वेळात खोडावयाचा व बरोबर खोडलेल्या अंकांची संख्या हा गुणांक. हा अभ्यास तीन प्रकारे आखता येईल.

पहिल्या प्रकारात रस्त्याकडील खोलीत बसणारी ‘अ’ तुकडी व अंगणाकडील खोलीत बसणारी ‘ब’ तुकडी यांची तुलना करावयाची. ही रीत सर्वांत सोयीची, आणि सर्वांत सदोष. दोन्ही तुकड्यांचे शिक्षक निराळे, प्रवेशाच्या वेळी झालेली मुलांची वाटणी निराळी. भेद आढळलाच तर तो गोंगाटाचा की शिक्षकाचा, हे कोणतीही कसोटी सांगू शकणार नाही. मुले सत्तर असली, तरी गोंगाटाच्या दृष्टीने एकके दोनच आहेत.

दुसऱ्या प्रकारात चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करावयाचे व एकेक गट एकेका खोलीत बसवावयाचा. येथे स्वतंत्र गटांची टी-कसोटी योग्य ठरते.

तिसऱ्या प्रकारात तीच मुले दोन्ही खोल्यांत बसवावयाची. निम्म्यांनी आधी शांत खोलीत व निम्म्यांनी आधी गोंगाटात चाचणी द्यावयाची, म्हणजे सरावाचा लाभ एकाच बाजूस जाणार नाही. येथे जोडीच्या निरीक्षणांची टी-कसोटी लावावी लागते.

या दोहोंतील भेद केवळ औपचारिक नाही. समजा, तिसऱ्या प्रकाराने छत्तीस मुलांची चाचणी घेतली, शांत खोलीतील सरासरी तीन अंकांनी अधिक आली, प्रत्येक खोलीतील गुणांकांचे प्रमाण विचलन बारा आले आणि प्रत्येक मुलाच्या दोन गुणांकांतील फरकांचे प्रमाण विचलन सहा आले. जोडीच्या कसोटीने प्रमाण त्रुटी एक येते व टी-मूल्य तीन. हा भेद एक टक्का पातळीवर सार्थक आहे. तेच आकडे चुकून दोन स्वतंत्र गटांचे म्हणून मांडल्यास प्रमाण त्रुटी २.८३ होते व टी-मूल्य सुमारे १.०६, भेद नाहीसा झाल्यासारखा दिसतो. मुलामुलांतील मोठे नैसर्गिक अंतर जोडीच्या कसोटीत वजा होऊन जाते, आणि दुसरीत ते प्रमाण त्रुटीत शिरून खरा भेद झाकून टाकते. कसोटी चुकल्यामुळे खरा परिणाम हातचा जातो, तो असा.

मापनाचे स्वरूप

आकडे कसे आले हे ठरल्यावर, आकडे कोणत्या जातीचे आहेत, हा दुसरा प्रश्न. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार श्रेणी सांगितल्या: नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक व गुणोत्तरदर्शक. प्रत्यक्ष निवडीसाठी पहिल्या दोन एकेक व शेवटच्या दोन मिळून एक, असे तीन वर्ग करणे पुरेसे होते.

मुले ‘उत्तीर्ण’ व ‘अनुत्तीर्ण’ अशी केवळ वर्गांत विभागली असतील, तर कार्ल पीअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी वापरावी. अपेक्षित संख्या फार लहान असल्यास फिशर यांची अचूक कसोटी घ्यावी. आणि तीच मुले दोनदा वर्गीकृत केली असल्यास मॅक्नेमार यांची १९४७ सालची कसोटी लावावी. शिक्षकांनी मुलांच्या अवधानाचे ‘उत्तम, मध्यम, अल्प’ असे क्रम लावले असतील, तर अल्प व मध्यम यांतील अंतर मध्यम व उत्तम यांतील अंतराएवढेच आहे, असे मानण्यास आधार नाही. तेथे क्रमांवर आधारलेल्या अप्राचलिक कसोट्या घ्याव्या: स्वतंत्र अशा दोन गटांसाठी मान-व्हिटनी, जोडीसाठी विल्कॉक्सन, दोहोंहून अधिक स्वतंत्र गटांसाठी क्रुस्काल-वॉलिस. अंक खोडण्याच्या चाचणीसारखे गुणांक असतील व त्यांची वाटणी प्रसामान्य वितरणापासून फार ढळलेली नसेल, तर ‘स्टुडंट’ या टोपणनावाने विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली मांडलेली टी-कसोटी आणि दोहोंहून अधिक गटांसाठी फिशर यांचे प्रसरण विश्लेषण वापरावे.

अप्राचलिक कसोट्या सर्व अटींतून मुक्त असतात, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. प्रसामान्य वितरणाची अट त्या शिथिल करतात. निरीक्षणांच्या स्वातंत्र्याची अट त्यांनाही लागू असते. ‘अ’ व ‘ब’ या आयत्या तुकड्यांची तुलना टी-कसोटीने सदोष ठरत असेल, तर ती मान-व्हिटनी कसोटीने निर्दोष होत नाही.

निष्कर्षाची भाषा

कसोटी योग्य निवडली तरी तिच्या उत्तराचा अर्थ मर्यादितच असतो. संभाव्यता ०.०१ आली म्हणजे शून्य अभ्युपगम खरा असण्याची शक्यता एक टक्का आहे, असा अर्थ अनेक जण करतात; तो चुकीचा आहे. शून्य अभ्युपगम खरा मानल्यास हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची ती संभाव्यता होय. अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६ साली एक निवेदन प्रसिद्ध करून हाच खुलासा केला, आणि केवळ ही संख्या विशिष्ट मर्यादेखाली आहे एवढ्यावर शास्त्रीय निर्णय घेऊ नये, असेही बजावले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, मानसशास्त्रातील शंभर प्रकाशित संशोधनांच्या पुनरावृत्तीचा एक सामुदायिक प्रयत्न प्रसिद्ध झाला होता. मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निकाल होते. पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच मिळाले. लहान नमुने, मागाहून निवडलेल्या कसोट्या आणि सार्थक तेवढेच छापण्याची प्रवृत्ती यांचा या तफावतीत मोठा वाटा मानला जातो.

म्हणून प्रबंधात ‘भेद सार्थक आहे’ एवढेच लिहून थांबू नये. भेदाचे परिमाण व त्याची विश्वास-मर्यादा अवश्य द्यावी. सदरच्या कल्पित उदाहरणात तीन अंकांच्या भेदाची ९५ टक्के विश्वास-मर्यादा सुमारे एक ते पाच अंक येते. वर्ग दुसऱ्या खोलीत हलवावा काय, खिडक्यांना दुहेरी तावदाने बसवावी काय, हे मुख्याध्यापकांना ठरवावयाचे असेल, तर भेद एका अंकाचा की पाच अंकांचा हे त्यांना कळणे आवश्यक आहे. भेद सार्थक आढळला नाही, तरी ‘गोंगाटाचा परिणाम होत नाही’ असे लिहिण्यापूर्वी, परिणाम असता तर तो पकडण्याचे सामर्थ्य या अभ्यासात होते काय, हे तपासावे. अन्यथा अपुऱ्या नमुन्याच्या आधारावर मुलांना त्याच गोंगाटात बसविण्याचा निर्णय शास्त्राच्या नावाने घेतला जाईल.

सारांश, संशोधकाने चाचणीची पहिली पत्रिका वाटण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून ठेवाव्या: शून्य अभ्युपगम कोणता व प्रश्न एका दिशेचा की दोन्ही दिशांचा, प्रयुक्त कसे निवडले जातील आणि कोणती निरीक्षणे खरोखर स्वतंत्र असतील, मापन कोणत्या श्रेणीचे आहे, कोणती कसोटी कोणत्या सार्थकता-पातळीवर व किती वेळा लावली जाईल, आणि व्यवहारात ज्यास महत्त्व आहे असा भेद पकडण्यास किती प्रयुक्त लागतील. एवढे कागदावर आल्यावर ‘कोणती कसोटी लावावी?’ हा प्रश्न बहुधा उरतच नाही. उरलाच, तर कसोट्यांच्या तक्त्याकडे न धावता आखणीकडे पुन्हा एकदा पाहावे. चाचणी अद्याप व्हावयाची असल्याने दोष दुरुस्त करण्यास अवसर असतो.